मेंदूतील मेदाम्लांचा निचरा : एका मातेच्या प्रश्नाच्या निमित्ताने

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, देणगीदारांची नामावली आणि विभागवार रुग्णसंख्या यांच्या जोडीने एखाद्या आजाराची माहिती देणारा लेख छापण्याचा प्रघात आहे. आजवर असे लेख आमच्या डॉक्टर मंडळींनी लिहिले. या वेळी ते काम प्रशासन विभागाने आपणहून मागून घेतले. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर असून वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. तथापि ज्या प्रश्नातून हा लेख निघाला तो प्रश्न एका मातेने आमच्याच टेबलासमोर उभे राहून विचारला होता, आणि त्या वेळी आम्हास उत्तर देता आले नव्हते. पुढे डॉक्टरांकडे बसून आणि जमेल तेवढे वाचून ते उत्तर आम्ही समजून घेतले. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी या लेखातील वैद्यकीय भाग तपासून दिला आहे.

आपल्या जिल्ह्यातील एका खेड्यातील सात वर्षांचा मुलगा. वर्गात गुरुजींनी सांगितलेले त्याला ऐकू येत नाही, अशी तक्रार शाळेतून आली. कानाची तपासणी केली तर कान उत्तम. अक्षर मात्र सहा महिन्यांत बिघडले होते, चालताना तोल जात होता, दृष्टी कमी होत होती. अखेर रक्ताचा नमुना मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठविला गेला, सोलापुरास मेंदूचा एमआरआय झाला आणि निदान हाती आले : ॲड्रिनोल्यूकोडिस्ट्रॉफी. सोयीसाठी डॉक्टर त्यास एएलडी म्हणतात. शरीरात एका विशिष्ट प्रकारच्या मेदाचे विघटन होत नाही व तो मेंदूत साचतो, असे डॉक्टरांनी त्या कुटुंबास सांगितले.

घरी पोहोचेपर्यंत या वाक्यातील ‘विघटन’ गळून पडले आणि ‘मेद’ तेवढा उरला. मुलाला शेंगदाणे फार खाऊ घातले, लोणी-तूप फार दिले, असे घरातील वडीलधारे म्हणू लागले. मातेने दोन महिने मुलाच्या ताटात तेलाचा थेंब पडू दिला नाही. मग एके दिवशी बिल भरण्यासाठी आली असता तिने विचारले, “साहेब, माझ्याच हातच्या खाण्यानं झालं का हो हे?”

या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ते का नाही, हे सांगण्यासाठी पुढील विवेचन.

मेंदू आणि मेद

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असते. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. त्याचे मुख्य इंधन साखर, म्हणजे ग्लुकोज. मेद तो इंधन म्हणून फारसा जाळीत नाही. असे असूनही पाण्याचा अंश वगळला तर मेंदूचा निम्म्याहून अधिक भाग मेदाचाच भरतो. जमाखर्चाच्या भाषेत सांगावयाचे तर मेंदूच्या वहीत साखर दैनंदिन खर्चात लिहिली जाते आणि मेद इमारत खात्यात.

या इमारतीचा मोठा भाग म्हणजे मायेलिन. मेंदूतील एका पेशीकडून दुसरीकडे संदेश नेणारे तंतू असतात. विजेच्या तारेवर जसे प्लास्टिकचे आवरण, तसे या तंतूंवर मायेलिनचे आवरण असते. ते शाबूत असेल तर संदेश वेगाने व बिनचूक पोहोचतो. कोरड्या मायेलिनच्या वजनात ७० टक्क्यांहून अधिक भाग स्निग्ध पदार्थांचा असतो. त्या मुलाचे कान चांगले होते, पण कानाने घेतलेला आवाज मेंदूत जेथे शब्द होऊन समजतो तेथपर्यंतच्या तारांचे आवरण उतरू लागले होते. गुरुजींचे निरीक्षण बरोबर होते. ऐकून न ऐकल्यासारखे करणे हा त्या मुलाचा हट्ट नव्हता.

कोणतीही इमारत एकदा बांधून संपत नाही. जुने काढणे आणि नवे बसविणे अखंड चालू असते. मायेलिनच्या बाबतीतही तसेच. मेदाची आवक होत राहते, म्हणून जावकही होत राहिली पाहिजे. जावक थांबली तर काय होते, हाच या आजाराचा विषय आहे.

मेदाम्ल कसे तुटते

आपण तेल किंवा तूप म्हणतो त्याचे मूळ घटक म्हणजे मेदाम्ले. प्रत्येक मेदाम्ल ही कार्बनच्या कणांची एक साखळी असते. आपल्या भागात पूर्वी घरोघरी असलेली करडई आणि जवस, किंवा आज शेतोशेती दिसणारे सोयाबीन, यांच्या तेलांत १६ ते १८ कार्बनच्या साखळ्यांचे प्रमाण सर्वाधिक असते. २२ किंवा त्याहून अधिक कार्बन असलेल्या साखळ्यांना ‘अतिदीर्घ मेदाम्ले’ म्हणतात. एएलडीमध्ये साचणारा मेद मुख्यतः २४ आणि २६ कार्बनचा असतो.

साखळी तोडण्याचे काम एंझाइमे करतात. शालेय पुस्तकांत त्यांना विकरे म्हटले आहे. एंझाइम म्हणजे एकच काम नेमून दिलेला कसबी कारागीर. मेदाम्लाची साखळी शरीरात कशी तुटते, हे जर्मन शास्त्रज्ञ फ्रान्झ क्नूप यांनी १९०४ मध्ये दाखवून दिले. त्यांनी मेदाम्लाच्या शेपटीला शरीरास मोडता न येणारी एक खूण जोडली, ती मेदाम्ले कुत्र्यांना खाऊ घातली आणि मूत्रात खुणेसोबत काय उरते ते पाहिले. त्यावरून असे दिसले की साखळी एकेक कार्बनने तुटत नाही. दर वेळी दोन कार्बनचा तुकडा निघतो. सोळा कार्बनची साखळी सात वेळा कापली की दोन-दोनचे आठ तुकडे होतात. प्रत्येक कापणीसाठी चार पायऱ्या असतात व त्या एंझाइमांकरवी क्रमाने पार पडतात.

ही कापणी पेशीत दोन ठिकाणी चालते. नेहमीच्या लांबीच्या साखळ्या तंतुकणिकांत, म्हणजे पेशीच्या वीजघरात, कापल्या जातात आणि त्यातून ऊर्जा मिळते. अतिदीर्घ साखळ्या मात्र तंतुकणिका थेट स्वीकारीत नाहीत. त्यांच्यासाठी पेशीत वेगळी, लहानशी कोठारे आहेत. त्यांचे नाव पेरॉक्सिझोम. बेल्जियमचे शास्त्रज्ञ क्रिस्तियाँ द ड्यूव यांनी १९६५ मध्ये हे नाव दिले. पेशीच्या अंतर्रचनेवरील कार्यासाठी १९७४ चे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्यांत ते होते. प्राण्यांच्या पेरॉक्सिझोममध्येही मेदाम्ले कापली जातात, हे त्यांनी आणि पॉल लाझारो यांनी १९७६ मध्ये दाखविले.

पेरॉक्सिझोममधील पहिल्या पायरीचे एंझाइम म्हणजे ॲसिल-कोए ऑक्सिडेझ. त्याच्या कामातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. ड्रेसिंगच्या खोलीत परिचारिका जखमेवर जे औषध ओततात आणि ज्याचा पांढरा फेस येतो, तेच हे द्रव्य. पेशीला ते घातक असते. म्हणून पेरॉक्सिझोममध्येच कॅटॅलेझ नावाचे दुसरे एंझाइम तयार असते; ते त्याचे पाणी व प्राणवायू करून टाकते. जखमेवर फेस येतो तोही आपल्या रक्तातील व पेशींतील कॅटॅलेझमुळेच. त्यापुढील दोन पायऱ्या एक जोडकामाचे एंझाइम पार पाडते आणि शेवटची कापणी थायोलेझ करते. २६ कार्बनची साखळी अशी पुनःपुन्हा कापून पुरेशी आखूड झाली की उरलेला भाग तंतुकणिकांकडे रवाना होतो.

हीच कात्री बांधकामालाही उपयोगी पडते. जवसातील १८ कार्बनचे एक मेदाम्ल शरीर थोड्या प्रमाणात लांबवीत २४ कार्बनपर्यंत नेते. मग पेरॉक्सिझोममध्ये त्याचे दोन कार्बन छाटले जातात आणि मेंदूला व डोळ्याच्या पडद्याला हवे असलेले २२ कार्बनचे डीएचए तयार होते. ज्या बाळांत पेरॉक्सिझोम मुळातच घडत नाहीत त्यांचा आजार, झेलवेगर सिंड्रोम, फार गंभीर असतो आणि तो जन्मापासूनच दिसतो. एएलडी त्याहून वेगळा आहे. त्यात कोठारे असतात, कारागीरही हजर असतात.

बिघाड कोठे आहे

या आजाराचे वर्णन जर्मनीत १९२३ मध्येच झाले होते. मेंदूचा शुभ्र भाग आणि मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी, या दोन्ही एकाच मुलात का बिघडाव्यात, हे मात्र कोणास उमगत नव्हते. १९७६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांना मृत रुग्णांच्या मेंदूत आणि अधिवृक्क ग्रंथींत अतिदीर्घ मेदाम्लांचा साठा आढळला. दोन अवयवांना जोडणारा दुवा हाच होता. पुढे बाल्टिमोर येथील डॉ. ह्यूगो मोझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील २६ कार्बनच्या मेदाम्लाचे मोजमाप करण्याची पद्धत १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. निदान साध्या रक्तनमुन्यावर येऊन ठेपले.

साखळी तुटत नाही म्हणजे ती तोडणारे एखादे एंझाइम सदोष असणार, असाच सर्वांचा कयास होता. १९९३ मध्ये पॅट्रिक ओबूर, ज्याँ-लुई मांडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सदोष जनुक शोधून काढले, तेव्हा उत्तर अनपेक्षित निघाले. ते जनुक एंझाइमाचे नव्हते. पेरॉक्सिझोमच्या भिंतीतील एका दाराचे होते. त्यास आता एबीसीडी-१ म्हणतात. अतिदीर्घ मेदाम्लांना कोठाराच्या आत घेणे हे त्या दाराचे काम आहे.

आमच्यासारख्यास हे चटकन समजले ते असे : आडतीवर हमाल आहेत, काटा आहे, दिवाणजी आहेत, पण गोदामाचे दार अडकले आहे. माल बाहेर रस्त्यावर साचत जातो. आत कामगार रिकामे बसले आहेत आणि बाहेर रस्ता बंद. बाहेर थांबलेल्या साखळ्यांना पेशीतील दुसरी एंझाइमे आणखी लांब करतात, त्यामुळे साठा वाढतच जातो. अधिवृक्क ग्रंथी त्यामुळे हळूहळू निकामी होतात. मेंदूत काही मुलांच्या बाबतीत एका टप्प्यावर दाह सुरू होतो आणि मग मायेलिन महिन्यामहिन्याने नष्ट होत जाते. हा दाह कोणत्या मुलात आणि कधी सुरू होईल, हे आधी सांगता येत नाही. सख्ख्या भावांतही आजाराचे स्वरूप निरनिराळे असू शकते.

खाण्यापिण्याचा प्रश्न

आता मातेच्या प्रश्नाकडे येऊ. शेंगदाण्याच्या तेलात २० ते २४ कार्बनची मेदाम्ले थोड्या प्रमाणात असतात, हे खरे आहे. २० कार्बनच्या अरॅकिडिक आम्लाचे नावच भुईमुगाच्या शास्त्रीय नावावरून पडले आहे. परंतु रुग्णाच्या शरीरात साचणारी २६ कार्बनची मेदाम्ले मुख्यतः आहारातून येत नाहीत. नेहमीची १६-१८ कार्बनची मेदाम्ले लांबवून शरीर ती स्वतःच तयार करते. प्रत्येक निरोगी माणसाचे शरीरही तेच करते. फरक एवढाच की निरोगी माणसात ती वेळच्या वेळी कापली जातात. म्हणूनच केवळ आहारातील अतिदीर्घ मेदाम्ले कमी करून पाहिली गेली, तेव्हा रक्तातील त्यांचे प्रमाण खाली आले नाही. त्या मातेने दोन महिने तेल बंद ठेवून मुलाला काही मिळाले नाही, आणि त्यापूर्वी तेल देऊन तिने त्याचे काही बिघडविलेही नव्हते.

या संदर्भात वाचकांपैकी काहींना ‘लोरेन्झोज ऑइल’ हा १९९२ चा इंग्रजी चित्रपट आठवत असेल. लोरेन्झो ओडोन हा एएलडी झालेला मुलगा होता. ऑगस्टो आणि मिकेला ओडोन या त्याच्या आईवडिलांपैकी कोणीही डॉक्टर नव्हते. त्यांनी ग्रंथालयांत बसून आणि शास्त्रज्ञांना भेटून एक विशिष्ट तेल तयार करवून घेतले. त्यामागील तर्क असा : साखळी लांबविणाऱ्या एंझाइमापुढे १८ आणि २२ कार्बनची दुसऱ्या प्रकारची मेदाम्ले भरपूर ठेवली की ते त्यांतच गुंतते आणि २६ कार्बनचा माल कमी तयार होतो. हा तर्क रक्तापुरता खरा ठरला. साधारण महिनाभरात रक्तातील प्रमाण उतरते. परंतु मेंदूतील दाह एकदा सुरू झाल्यावर या तेलाने तो थांबत नाही, हे पुढील अनुभवांतून दिसून आले. शिवाय त्यामुळे रक्तातील प्लेटलेट कमी होऊ शकतात. लोरेन्झो २००८ मध्ये, तिसावा वाढदिवस उलटल्यावर दुसऱ्या दिवशी मरण पावला.

हे सांगण्याचे कारण असे की, या तेलातील एक मेदाम्ल मोहरीच्या कुळातील बियांपासून मिळते, आणि ते ऐकून घरीच मोहरीचे तेल पाजण्याचा मोह होऊ शकतो. तसे कोणीही करू नये. बाजारातील मोहरीचे तेल म्हणजे ते औषधी तेल नव्हे.

माहेर, सासर आणि दोष

आजार खाण्यातून आला नाही, तर कोठून आला, हा पुढील प्रश्न अधिक नाजूक आहे. सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीकडे दोन एक्स गुणसूत्रे असतात. त्यांपैकी एकावरील जनुक सदोष असले तरी दुसरे पुष्कळसे काम निभावून नेते, म्हणून ती लहानपणी निरोगी असते. मुलाकडे एकच एक्स असते आणि ते आईकडून आलेले असते. वाहक मातेच्या प्रत्येक मुलास हा आजार येण्याची आणि प्रत्येक मुलीस वाहक होण्याची शक्यता निम्मी असते. पित्यास आजार असेल तर त्याच्या सर्व मुली वाहक होतात, मुलांना मात्र तो त्याच्याकडून येत नाही. काही थोड्या रुग्णांत जनुकातील बदल नव्यानेच घडलेला असतो.

ही माहिती घरी कशी ऐकली जाईल, याची डॉक्टरांना चिंता होती, आणि ती रास्त ठरली. “तिच्या माहेराकडून आलं” असे शब्द उच्चारले गेलेच. आम्ही येथे आमच्या परीने स्पष्ट सांगू इच्छितो. आपल्याकडील जनुक कोणी निवडून घेत नाही. प्रत्येक माणसाच्या शरीरात अशी काही सदोष जनुके असतातच. ती कोणाची उघडी पडतात, कोणाची जन्मभर झाकलेली राहतात. नात्यातील विवाह हेही या आजाराचे कारण नव्हे. माहेरचा उल्लेख दोष देण्यासाठी करावयाचा नाही. करावयाचा तर ज्यांना अद्याप वाचविता येईल अशांना शोधण्यासाठी.

तसे झालेही. त्या मातेच्या भावाचे, म्हणजे मुलाच्या मामांचे, पाय गेली काही वर्षे ताठरत होते. पस्तिशीतील हा गृहस्थ काठी घेऊन चालू लागला होता आणि वाताचा विकार समजून उपचार चालले होते. रक्त तपासले असता तोही एएलडीच निघाला. प्रौढ पुरुषांत हा आजार बहुधा पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूवर असा सावकाश परिणाम करतो. वाहक स्त्रियांतही उतारवयात पायांचा ताठरपणा दिसू शकतो. मामांच्या दोन मुली वाहक आहेत, हे त्यांच्या विवाहाच्या वेळी लपविण्याचे नाही आणि त्यांना नाकारण्याचेही कारण नाही. वेळीच सल्ला घेण्याचे ते निमित्त आहे. स्त्रियांच्या बाबतीत एक सूचना आवश्यक आहे. सुमारे १५ ते २० टक्के वाहक स्त्रियांचे रक्तातील मेदाम्लांचे मोजमाप नेहमीसारखे येते, म्हणून त्यांची जनुकतपासणीच करावी लागते.

वेळेचे महत्त्व

एएलडी दुर्मीळ आहे. पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एक, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते. हे जनुक असलेल्या मुलग्यांपैकी साधारण ३५ ते ४० टक्क्यांना बालपणी, बहुधा चार ते दहा या वयात, मेंदूचा आजार होतो. तो सुरुवातीच्या अवस्थेत, म्हणजे एमआरआयवर दिसू लागला आहे पण मुलगा अजून हसत-खेळत आहे अशा वेळी सापडला, तर अस्थिमज्जेतील मूळ पेशींचे प्रत्यारोपण करून तो थांबविता येतो. असे यश प्रथम १९९० मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. उपचाराचा परिणाम दिसण्यास कित्येक महिने जातात आणि त्या काळात आजार काहीसा पुढे सरकतोच. म्हणून लक्षणे ठळक झाल्यावर प्रत्यारोपणाचा लाभ होत नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये जनुकोपचारासही मान्यता मिळाली. परंतु काही मुलांना त्यानंतर रक्ताचा कर्करोग झाल्याने त्याचा वापर मर्यादित ठेवण्यात आला आहे.

भारत सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात सुरुवातीच्या अवस्थेतील एएलडीचा समावेश एकदाच करावयाच्या उपचारांच्या गटात आहे. नियुक्त उत्कृष्टता केंद्रांमार्फत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद २०२२ पासून करण्यात आली असून मुंबईचे केईएम रुग्णालय हे अशा केंद्रांपैकी एक आहे. पालकांनी पैशांच्या भीतीने तपासणीच टाळू नये, म्हणून हे मुद्दाम नमूद केले.

आजाराचा दुसरा भाग मात्र कमी खर्चात आटोक्यात राहतो. अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करतात. ते कमी पडले तर मूल थकते, वजन धरीत नाही, मीठ मागून खाते, त्वचा, हिरड्या आणि बोटांचे सांधे काळवंडतात, आणि साध्या तापातही उलट्या होऊन ते मूर्च्छित होते. यावर हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या रोज देतात आणि तापात डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा वाढवितात. या गोळ्या मेंदूचा आजार थांबवीत नाहीत, पण त्या नसतील तर एखाद्या साध्या तापात मूल दगावू शकते. मुलग्याच्या अधिवृक्क ग्रंथी कमी काम करतात असे आढळले आणि कारण स्पष्ट नसेल, तर अतिदीर्घ मेदाम्लांची रक्ततपासणी झालीच पाहिजे.

आमच्या दप्तरातील एक त्रुटी

निदान झाल्यावर आम्ही अभिलेख विभागातून त्या मुलाचे जुने केसपेपर काढून पाहिले. त्यापूर्वीच्या दीड वर्षात तो आपल्याच रुग्णालयात तीनदा येऊन गेला होता. एकदा तापात उलट्या होऊन मूर्च्छा आली म्हणून. सलाईन लावल्यावर तो ताजातवाना झाला व घरी गेला. दुसऱ्यांदा पोटदुखी व अशक्तपणासाठी. तिसऱ्यांदा त्वचा विभागात, बोटांचे सांधे काळे पडतात म्हणून. तिन्ही वेळी वेगळा डॉक्टर, वेगळा विभाग आणि नवा केसपेपर क्रमांक. सलाईनने बरे वाटणे हीदेखील, मागाहून पाहता, एक खूणच होती. हे तीन कागद एकत्र कोणाच्या हाती आले असते तर दीड वर्ष वाचले असते. ही उणीव डॉक्टरांची नव्हे, आमच्या दप्तराची होती. ती या अहवालात नोंदविणे आम्ही कर्तव्य समजतो.

विश्वस्त मंडळाच्या संमतीने आता चौदा वर्षांखालील प्रत्येक मुलास एकच कायम क्रमांक दिला जातो आणि पूर्वीचे सर्व कागद नव्या भेटीच्या वेळी डॉक्टरांसमोर ठेवले जातात. वारंवार उलट्या वा मूर्च्छा आलेल्या मुलाची साखर, सोडियम आणि सकाळचे कॉर्टिसॉल तपासले जाते. हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन अपघात विभागात सदैव उपलब्ध ठेवले आहे. ज्या मुलाचे अक्षर, चाल, ऐकणे किंवा वागणे अल्पकाळात बिघडते त्याला शिक्षा न करता डॉक्टरांकडे पाठवावे, असे विनंतीपत्र आम्ही परिसरातील शाळांना दिले आहे. देणगीदारांनी दिलेल्या रकमेतून गरजू मुलांच्या बाहेरगावच्या तपासण्या व प्रवासखर्च यासाठी वेगळे खाते उघडले आहे. त्याचा हिशेब सोबतच्या पत्रकात पाहावयास मिळेल.

त्या मुलासाठी प्रत्यारोपणाची वेळ टळून गेली होती. तो आता अंथरुणाला खिळून आहे. नळीतून अन्न देणे, कूस बदलणे, आकडीचे औषध वेळेवर देणे, हे सारे माता स्वतः करते आणि परिचारिकांनी शिकविल्यापेक्षा नीटनेटके करते. त्याच्या धाकट्या भावाची, वय वर्षे साडेतीन, रक्ततपासणी केली असता त्यालाही हाच आजार असल्याचे दिसून आले. परंतु त्याचा एमआरआय निर्दोष आहे. त्याला हायड्रोकॉर्टिसोन सुरू केले आहे. दर सहा महिन्यांनी त्याचा एमआरआय व्हावयाचा आहे, आणि त्यात पहिला डाग दिसताच मुंबईस न्यावयाचे, हे ठरले आहे. कागदपत्रांची एक संपूर्ण फाईल आमच्या कपाटात तयार आहे.

पुढील भेटीच्या वेळी आम्ही त्या मातेस खुर्ची दिली आणि डॉक्टरांच्या समक्ष, तिच्या सासूबाईंनाही बसवून, गोदामाच्या दाराची गोष्ट सांगितली. ती शांतपणे ऐकून घेतल्यावर तिने एवढेच विचारले, “मग धाकट्याला भाकरीसंगं शेंगदाण्याची चटणी दिली तर चालंल?” डॉक्टर चालेल म्हणाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मात्र त्यानंतरच्या तपासणीस धाकट्याला घेऊन त्या स्वतः आल्या.

धाकट्याचा पुढील एमआरआय येत्या पावसाळ्याच्या सुरुवातीस आहे. त्याचा खर्च वर उल्लेखिलेल्या खात्यातून होईल. ज्या देणगीदारांच्या साहाय्याने हे खाते उभे राहिले त्यांचे आम्ही ऋणी आहोत, आणि हा लेख वाचून कोणा घरी, कोणा शाळेत एखाद्या मुलाकडे वेळीच लक्ष गेले, तर अहवालाची ही पाने कारणी लागली असे आम्ही समजू.